उन्हाचे खाते

फाल्गुन सरत आला की दिघोरीच्या हवेत दोन वास मिसळू लागतात. एक मोहफुलांचा, गोड आणि काहीसा जड. दुसरा जळत्या पाचोळ्याचा. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील हे गाव धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले असून या मुलखात धान, तलाव आणि जंगल यांची सोबत फार जुनी आहे. मोहाचे फूल पहाटे गळते. खाली पाचोळा असला तर ते दिसत नाही, म्हणून वेचणारे झाडाखालची जागा पेटवून मोकळी करतात. तेंदूला कोवळी पाने भरपूर फुटावीत, या समजुतीनेही पाचोळ्याला काडी लावली जाते. शेतकरी याच सुमारास बांध्यांचे धुरे जाळतो. यातील एखादी ठिणगी वाऱ्यावर जाते आणि रात्री क्षितिजावर वणव्याची लाल रेघ दिसू लागते. सकाळी गावावर धुराचा पातळ पडदा असतो आणि तो विरेपर्यंत ऊन चढलेले असते.

या गावाच्या बाजारओळीत धान्य व किराण्याचे एक जुने दुकान आहे. दुकानाचे मालक आता सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्या वडिलांनी दुकानासमोर सुरू केलेली पाणपोई आजही चालते. गुढीपाडव्याला माठ मांडायचे, पाणी स्वतः उभे राहून गाळून घ्यायचे, मृगाची पहिली सर येईपर्यंत एकही दिवस खंड पडू द्यायचा नाही, हा त्या घराचा नेम. उन्हाळ्याविषयीचे आपले कर्तव्य तेथे पूर्ण होते, असे त्या गृहस्थांना प्रामाणिकपणे वाटत असे.

त्यांची नात भंडाऱ्याच्या महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलेली होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्याला द्यावयाचे असतात आणि सात दिवसांच्या निवासी शिबिराला जावयाचे असते. झाडे लावणे, गाव झाडणे, प्रभातफेरी काढणे ही त्यातली ओळखीची कामे. त्या वर्षी तिच्या गटाने वेगळा विषय घेतला होता : उष्णतेची लाट आणि वणव्याचा धूर यांसाठी गावाची तयारी किती आहे, हे घरोघर विचारून लिहून काढावयाचे. मुलगी दिघोरीची, म्हणून बाजारओळ तिच्या वाट्याला आली. पहिला फॉर्म तिने आजोबांच्याच दुकानात भरला.

प्रश्न साधे होते. कामाला माणसे किती? माल कोणत्या वेळी चढतो? बसायला सावली कुठे? पिण्याचे पाणी कुठे? या शेवटच्या प्रश्नावर आजोबांनी समाधानाने पाणपोईकडे बोट दाखविले. तिने ते लिहिले आणि विचारले, "आजोबा, धान्य निवडायला येणाऱ्या बाया दिवसाकाठी किती पेले पाणी पितात?" त्यांना सांगता येईना. तिने त्या स्त्रियांनाच विचारले. उत्तर संकोचाने आले : फारसे पीत नाही, प्यायले की मग जायचे कुठे? बाजारओळीत स्त्रियांसाठी आडोसा नव्हता. वीस पावलांवर थंड पाण्याचे माठ भरलेले असत आणि या बाया संध्याकाळपर्यंत तोंड ओले करण्यापुरतेच पाणी घेत.

नंतरचा प्रश्न होता : गेल्या उन्हाळ्यात येथे उन्हामुळे कोणी आजारी पडले होते काय? आजोबा म्हणाले, "नाही." नातीने रकान्यात "नाही" लिहिले आणि ती पुढच्या दुकानात गेली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मागल्या वैशाखातली एक दुपार त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहिली. उन्हाळी धानाचे दिवस होते. भरायची गाडी बाराला आली आणि दोनला माल चढू लागला. चाळीस-चाळीस किलोचे कट्टे, टिनाच्या गोदामातून फळीवरून वर. दुकानातला सर्वांत जुना हमाल मध्येच खाली बसला. डोके भणभणते म्हणाला. कोणी तरी पित्त म्हणाले, कोणी जागरण. तो थोडा असंबद्ध बोलला, तेव्हा इतर हसलेही. त्याला घरी धाडले. सकाळी निरोप आला की तो रात्रीच गेला. गावाने हृदयविकार ठरविला. आजोबांनी उठून त्या वर्षाची वही काढली. त्या तारखेला हमालाच्या मुलाला दिलेली रक्कम नोंदलेली होती आणि तिच्यापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : "दवाखाना व क्रिया."

सकाळी त्यांनी वही नातीसमोर ठेवली. तो उन्हानेच गेला काय, हे आता कोणीच सांगू शकत नव्हते. त्या दिवशी कोणी अंगाचा ताप मोजला नव्हता, गोदामातला पारा पाहिला नव्हता. पण उन्हाने गेला नाही, असेही आता म्हणवत नव्हते. नातीने फॉर्मवरील "नाही" हा शब्द खोडला आणि तेथे "नोंद नाही" असे लिहिले.

व्यापारी घरात या दोन शब्दांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ज्याचे खाते नसते, त्याचा तोटा दिसत नाही. तो दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यात पडून राहतो. ऊन असेच आहे. उष्माघाताने मेलेला माणूस कागदोपत्री हृदयविकाराने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा वार्धक्याने मेलेला असतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात किती जास्त माणसे दगावली, हे उष्माघाताच्या दाखल्यांवरून कळलेच नाही. संशोधकांनी महिन्यातले सर्व मृत्यू मोजले, आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताळा केला, आणि १,३४४ मृत्यूंची वाढ समोर आली. हा हिशेब मांडल्यावरच २०१३ मध्ये त्या शहराची उष्णता कृती योजना तयार झाली. दक्षिण आशियातील ती पहिली. नागपूरने २०१६ मध्ये आपली योजना केली.

हिशेबाइतकेच महत्त्व मापाचे. ३० मे २०२४ रोजी नागपुरात पारा ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर झळकली. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले की त्या स्वयंचलित केंद्राच्या संवेदकात बिघाड होता. नातीच्या गटाने या प्रसंगापासून धडा घेऊन आपले तापमापक आधी एकमेकांशी ताडून पाहिले, मगच ते गावात टांगले. आजोबांना ही गोष्ट मनापासून आवडली. वजनमापे तपासून घेतल्याशिवाय तराजूला हात लावू नये, हे त्यांनी लहानपणी याच दुकानात शिकले होते.

त्या तापमापकांनी दाखविले ते पुढीलप्रमाणे. टिनाखालचे गोदाम दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा अधिक तापत होते. सिमेंटचा स्लॅब दिवे लागल्यानंतरही आग सोडत राही. जुन्या मातीच्या भिंतींचे, कवेलूचे घर सर्वांत शांत होते. वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. कट्टा उचलणाऱ्याचे ऊन निराळे असते. शिवाय काम करणारे स्नायू आतून उष्णता निर्माण करतात. ती घामाच्या वाफेने बाहेर जाते. हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि उष्णता आतच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर एका सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, तेव्हा त्या भागातला पारा चाळीसच्या आतच होता. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की पहिला फटका मेंदूला बसतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, अडखळतो. ते थट्टेचे लक्षण नव्हे, ती अखेरची सूचना असते. अशा माणसाला घरी धाडायचे नसते. त्याला तेथेच सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतायचे, वारा घालायचा, मान, काखा व जांघांत ओली फडकी ठेवायची, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. नातीने हे सारे मोठ्या अक्षरांत लिहून गोदामाच्या दारावर लावले. आजोबा त्या कागदासमोर बराच वेळ उभे होते.

घरातली चौकशीही राहिली नव्हती. आजी चौविहार पाळतात आणि उकळून थंड केलेलेच पाणी पितात. नातीने त्यांच्या व्रताविषयी एक शब्द काढला नाही. तिने एवढेच विचारले की दुपारपासून सूर्यास्तापर्यंत पोटात पाणी किती जाते. जेवणानंतर पेलाभर आणि सूर्यास्ताच्या घाईत पेलाभर, असे उत्तर आले. मग उकळलेल्या पाण्याचा तांब्या आजींच्या हाताशी ठेवून दर तासाला थोडे थोडे पाणी घेण्याचे ठरले. उन्हाळ्यात तप करणाऱ्यांच्या घरी ही काळजी कोणालाही घेता येण्याजोगी आहे. पायपीट करून आलेल्या माणसासाठी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाणही आजींनी पाठ केले.

धुराचा प्रश्न अधिक अवघड होता. धुरातले अतिसूक्ष्म कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड. नाकाला ते अडत नाहीत आणि फुप्फुसातून रक्तापर्यंत पोहोचतात. एका घनमीटर हवेत २४ तासांच्या सरासरीने असे कण ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतील, असे भारताचे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ ठेवली. तोंडाला बांधलेला गमछा धूळ अडवतो, हे कण अडवीत नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्कच हवा. खरी कोंडी पुढेच आहे. धूर आला की खिडक्या लावा असे सांगावे लागते आणि उकाडा वाढला की त्या उघडा असे. दोन्ही संकटे एकाच दिवशी आली तर एका पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करावे?

ही कोंडी फक्त दिघोरीची नाही. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा महानगरालाही दारे लावून बसावे लागले. अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी २०२० मध्ये साध्या पंख्याला हवा गाळण्याच्या जाळ्या बांधून करावयाची एक स्वस्त पेटी सुचविली. कनेक्टिकट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तशा पेट्या जुळवून शाळांना दिल्या. दिघोरीत त्या जाळ्या सहज मिळत नाहीत आणि उन्हाळ्यात विजेचाही भरवसा नसतो. म्हणून मुलांनी जे हाताशी होते तेच सुचविले. दाट धुराच्या तासांत वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात, धूर विरला की उघडाव्यात. तेवढा वेळ घरात धूप, उदबत्ती आणि फोडणी नको. झाडू मारून कण उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. दम्याच्या रुग्णाचे औषध पुढच्या खोलीत, सर्वांना माहीत असलेल्या जागी असावे. आणि गावात जाड भिंतींची, उंच छताची जी वास्तू असेल, मग ती शाळा असो, धर्मशाळा असो वा समाजाचे सभागृह, ती नवतपाच्या दिवसांत दुपारी सर्वांसाठी उघडी ठेवावी. सभागृहाला कुलूप आणि बाहेर ओट्यावर धापा टाकणारी माणसे, हे चित्र अनेक गावांत दिसते.

वणवे नेमके कुठे लागतात याचेही खाते आता ठेवले जाते. उपग्रह दररोज जमिनीवरची उष्ण ठिकाणे टिपतात; भारतीय वन सर्वेक्षण ती माहिती वन विभागाला कळविते आणि नाव नोंदविणाऱ्या नागरिकालाही मोबाइलवर संदेश मिळतो. मुलांनी ग्रामपंचायतीला अशी नोंदणी करून दिली. वणवा विझविणे मात्र आजही माणसांच्याच हातांनी होते. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आगीशी झुंजताना तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले. मोहाखालच्या एका काडीची किंमत कुठवर जाते, ते त्या दिवशी भंडारा-गोंदियाने पाहिले.

आजोबांनी आयुष्यात जंगलाला काडी लावली नव्हती. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, ती त्यांना मुखोद्गत होती. वनात आग लावणे आणि सरोवरे-तलाव शोषून कोरडे करणे, या दोन्हींची त्या यादीत स्वतंत्र गणना आहे. प्रतिक्रमणात हे शब्द उच्चारताना आपला त्यांच्याशी संबंध नाही, असे ते मानीत आले होते. नातीच्या वहीत मात्र एक ओळ होती : मोह वेचणाऱ्या घरांची किराण्याची उधारी मोहाच्या आणि तेंदूच्या पैशांतून फिटते. म्हणजे काडी दुसऱ्याची असली तरी हंगामाची घाई काही अंशी दुकानाचीही होती. शिवाय दुकानामागे रोज सकाळी पुठ्ठे आणि प्लास्टिकची वेष्टने जाळली जात. तो धूर तर सर्वस्वी घरचाच होता.

मग एकेक गोष्ट बदलू लागली, आणि कोणतीही सहज बदलली नाही. मागचे जाळणे पहिल्याच दिवशी बंद झाले. पुठ्ठा रद्दीत जाऊ लागला. रिकामी पोती शिवून त्यांची मोठी तरटे करण्यात आली व मोह वेचणाऱ्या घरांना हंगामापुरती उसनी दिली गेली. तरट अंथरले की फुले त्यावरच पडतात आणि पाचोळा जाळावा लागत नाही. काहींनी ती नेली; काहींनी जुनी रीत सोडली नाही. घरामागचे स्वच्छतागृह निवडणाऱ्या बायांसाठी खुले करावयाचे, हे आजींना प्रथम रुचले नाही. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली स्वतः नेऊन त्या स्त्रियांच्या हातात दिली. त्या आठवड्यात पाणपोईचे माठ प्रथमच दुपारी रिते झाले.

सर्वांत कठीण होती ती वेळ. बारा ते चार माल चढवायचा नाही, असे आजोबांनी जाहीर केले तेव्हा विरोध हमालांकडूनच आला. मजुरी नगावर मिळते. तास बुडाले तर रोज बुडतो. मुकादम म्हणाला, "शेठजी, पोटाले का उन्हाळा कळते जी?" या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नव्हता. नातीलाही उत्तर सुचले नाही. ते आजोबांनी दिले, कारण ते दुकानदारालाच देता येण्यासारखे होते. गाड्या आदल्या संध्याकाळी मागवायच्या, पहाटे पाचपासून भरायच्या, उरलेला माल उन्हे कलल्यावर चढवायचा. नग तेवढेच राहतील. गाडी खोळंबली तर जादा भाडे दुकान सोसेल, हमाल नव्हे. गोदामाच्या टिनावर चुन्याचा पांढरा हात फिरविला गेला. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांसाठी हाच उपाय हाती घेतला आहे. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि आतली हवा काही अंशांनी उतरते.

बाजारओळीतील सर्वांनी हे मानले असे नाही. एका शेजारी व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितले की भाव दुपारी फुटला तर माल दुपारीच हलला पाहिजे. त्यांच्या म्हणण्यात धंद्याचे सत्य होते आणि आजोबांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या हंगामात दोन सौदे हातचे गेले, तेही त्यांनी कोणाला सांगितले नाही.

विद्यार्थ्यांचे २४० तास संपले, अहवाल महाविद्यालयात जमा झाला, मुले परीक्षेला बसली. गावात त्यांच्या मागे उरले ते पाणपोईजवळ टांगलेले एक तापमापक, गोदामाच्या दारावरचा कागद आणि आजोबांच्या वहीतले एक नवे पान. दिवाळीच्या वहीपूजनानंतर त्यांनी धान, तेल, साखर यांच्या खात्यांमागे एक पान राखले आणि त्याच्या माथ्यावर "ऊन" असे लिहिले. दररोजचा दुपारचा पारा, धूर असल्यास त्याची खूण, आणि कोणाला चक्कर, उलटी वा तडफड झाली तर त्याचे नाव, एवढेच तेथे लिहावयाचे असते.

पुढल्या वैशाखात त्या पानावर पहिली अशी नोंद पडली. एका तरुण हमालाला सकाळी नऊच्या सुमारास भोवळ आली. सावलीत घेतले, अंगावर पाणी ओतले, दवाखान्यात नेले. सायंकाळी घरी परतला. काम त्या दिवसापुरते तेथेच थांबविले होते. त्याच ओळीच्या शेवटी, दुसऱ्या शाईने, खोळंबलेल्या गाडीच्या जादा भाड्याची रक्कमही लिहिलेली आहे.